पाटीवरचं नाव

नातीनं काल ओल्या फडक्यानं पाटी पुसली आणि त्या वासासरशी मी थेट बेंबळीच्या समाजमंदिरात जाऊन बसले. तिथं दुपारी मी बायकांचा साक्षरता वर्ग घेत असे. पाट्या, पेन्सिली सरकारच्या. बायका पास झाल्या तरच वर्गाचं अनुदान पुढं चालू राहणार होतं.

परीक्षा घ्यायला साहेब आले. शेवंतामावशींनी आपलं पूर्ण नाव सुरेख लिहिलं. साहेब म्हणाले, "वाचा." मावशींनी स्वतःचं नाव वाचलं, आडनाव वाचलं, मधलं नवऱ्याचं नाव गाळलं. साहेबांनी नापास लिहायला पेन उघडला.

"येतंय की वाचाया," मावशी म्हणाल्या, "पर मालकांचं नाव म्या तोंडानं कसं घिऊ? पुसा, पुन्यांदा लिहिते."

साहेबांनी पुसलं. मावशींनी पुन्हा लिहिलं, आधीपेक्षा ठळक. साहेबांनी पास लिहिलं.

तेव्हा मला त्यांच्या हट्टाचं हसू आलं होतं. आज वाटतं, रीत न मोडता आणि परीक्षाही न सोडता वाट काढायला केवढी अक्कल लागते!

ती पाटी न पुसताच मावशींनी पदराखाली घरी नेली. दुसऱ्या दिवशी मालक स्वतः वर्गाच्या उंबऱ्यावर येऊन बसले.

"बाई, हिनं काय लिहिलंय ते सांगंना झालीय. मलाच वाचाया शिकवा."