उपरण्याखालचा सौदा

सोसायटीचं कापसाचं जिन तोट्यात गेलं आणि एका शेटनं ते भाड्यानं घेतलं, तेव्हा माझ्यासकट आम्ही वीस जण तिथं कापसाच्या गाठी वाहत होतो. तोवर दिवाळी झाली की हंगामाला कुणाला न विचारता फाटकातून आत जायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. शेटनं निरोप धाडला, दहा पुरे, मजुरी जुनीच.

टोळीनं मला पुढं केलं. मी डोणगावच्या गुरांच्या बाजारात दलाली करत वाढलेला. मला गंडवणं सोपं नव्हतं.

शेटही बाजारातलाच. त्यानं उपरणं हातावर टाकलं आणि सवयीनं माझा हात त्याखाली गेला; गुरांच्या बाजारात भाव असाच झाकून, हात दाबून ठरतो. टोळी लिंबाखालून बघत होती. त्यानं माझा पंजा दोनदा दाबला. एक पंजा पाचाचा, म्हणजे दहा माणसं. मी चारदा दाबला. तो हसला, तीनवर आला. मी हात सोडला नाही. त्याच्या अंगठीचा खडा माझ्या बोटात रुतत होता. शेवटी त्यानं चारदा दाबला. बाजारात दाबलेला पंजा कुणी मोडत नाही.

“साऱ्याईले घेतलं, जुन्याच मजुरीवर,” मी येऊन सांगितलं. टोळीतल्या सगळ्यात वयस्कर माणसाला मी काका म्हणायचो. तो म्हणाला, “मंग झाकून काऊन बोलला? आमी काय बैल हाओ?”

“बैलाले तरी समजलं असतं,” मी म्हणालो.

“तुह्या वाट्याले काय आलं, थे सांग.”

माझं डोकं फिरलं. ज्यानं त्यानं आपापला सौदा करावा, असं म्हणून मी निघून आलो.

सकाळी पाहतो तर फाटकात टोळीची रांग. मागचा पुढच्यापेक्षा कमी मजुरी सांगत होता. मी घुसून शेटला कालच्या शब्दाची आठवण करून दिली.

“कोनता सौदा? कोनं पाह्यला?”

टोळीनं पाहिलं होतं, पण नुसतं उपरणं. कुणी तोंड उघडलं नाही. शेटनं स्वस्तातले दहा घेतले. काका बाहेर राहिला, मीही; मी रस्त्यापलीकडं जाऊन उभा होतो. तो रस्ता ओलांडून माझ्याजवळ आला आणि हळूच विचारलं, काल खरंच चार पंजे होते का. मी चालू लागलो. काल विश्वास नव्हता, त्याला आज कशाला सांगू?

अजूनही बाजारात मला पाहून कुणीतरी हातावर रुमाल टाकतो आणि बाकीचे हसतात. मी त्या सौद्यात एक पैसा घेतला नव्हता.