कुजक्या शब्दावरची चांदणी

माझ्या स्वतःच्या सहीची मला किळस येते. का, ते सांगते.

दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका शब्दकोशाच्या अ‍ॅपसाठी मी विशेषणं तपासते. त्या आठवड्यात माझ्या वाट्याला आलं ‘फूलाझ’, म्हणजे कुजलेला, घाण मारणारा. इंग्रजी, जर्मन वगैरे भाषा एकच होत्या तेव्हाचं हे विशेषण, पण ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. इंग्रजीतलं फाउल, गॉथिक या जुन्या, मेलेल्या भाषेतलं फूल्स असे वंशज शेजारी ठेवायचे आणि तर्काने मागे जायचं. आणखी मागे गेलं की आपल्या जखमेतला पू भेटतो, त्याच मुळातून आलेला. पुल्लिंगी फूलाझ, स्त्रीलिंगी फूलो, पुढे विभक्त्या, सगळा तक्ता असाच उभा केलेला. म्हणून प्रत्येक रूपाआधी चांदणी (*) काढतात. चांदणी म्हणजे कबुली, की हे कुणी पाहिलेलं नाही, आम्ही जुळवलंय.

मॅनेजर आपलाच, पुण्याचा. त्याला चांदण्या खुपल्या. युजर कन्फ्यूज होतो, काढून टाका म्हणाला. वर या रूपांची वाक्यंही घाला म्हणे, जुन्या मजकुरातली. अहो, ज्या भाषेचा मजकूरच नाही त्यातली वाक्यं आणू कुठून, असं मी विचारलं. तो गुळगुळीत हसला.

“मॅडम, तपासायला कोण येणारे? यल्ला, चला, गुरुवारपर्यंत खलास करा.”

शिसारी आली मला. राजीनामा तोंडावर फेकावासा वाटला. पण नवऱ्याची अबू धाबीकडच्या मुसफ्फातली नोकरी उन्हाळ्यात गेलेली, तिघांचे व्हिसा माझ्या नोकरीवर आणि लेक बारावीला. मग काय, बसले मुकाट्याने. एकेक चांदणी पुसली. ‘मासा कुजला आहे’ अशा अर्थाचं वाक्य त्या भाषेत मनानेच रचलं, खाली ‘जुन्या मजकुरातून’ असं बेधडक लिहिलं आणि तपासनीस म्हणून सही ठोकली. ऑफिसच्या ग्रुपवर मात्र माझं कौतुक झालं.

पुढच्या महिन्यात लेकीने अ‍ॅप उघडलं. जुन्या शब्दांचं वेड तिला माझ्यामुळेच लागलेलं. त्या माशाच्या वाक्यावर ती थांबली.

“आई, डिड समवन रिअली राइट धिस?”

“हो गं,” मी म्हणाले.

तिने ते वाक्य कॉलेजच्या अर्जातल्या निबंधात घातलं आणि ‘माझ्या आईने ते स्वतः तपासलंय’ असं खाली लिहिलं. निबंध मला वाचायला दिला. मी वाचला आणि छान झालाय म्हणाले.