सरकीची भिंत

मॅट्रिकला मी पहिल्या खेपेस नापास झालो तेव्हा घरात कुणी मला बोललं नाही. सगळा दोष आवाजाला गेला. घरच्यांच्या या मोठ्या मनाबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

झरीतलं आमचं घर म्हणजे अर्धं घर. वडिलांची आणि चुलत्याची वाटणी झाली, मधे एक मातीची भिंत उठली आणि माणसं वेगळी झाली. आवाज मात्र एकत्रच राहिले. चुलतीचं जातं त्या भिंतीला खेटून होतं. आमच्या बाजूला जमिनीत पुरलेलं उखळ होतं. चैत्रात माय त्यात वर्षाचं येसर, म्हणजे आमटीचा मसाला, कुटायची, आणि मुसळाचा एकेक ठोका जमिनीतून येऊन मांडी घालून बसलेल्या माणसाच्या थेट टाळूत निघायचा. वर मातीचं सपाट धाबं. त्याची वाटणी करायचं पंचांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं, म्हणून त्याच्यावर दोन्ही घरच्या कुरडया वाळायच्या, आणि त्या राखायला बसवलेली चुलत्याची चार पोरं कावळ्यांहून जास्त नुकसान करायची.

अभ्यास म्हणजे तेव्हा मोठ्याने पाठ करणं. शाळा परभणीला आणि उर्दूतून. तारीख म्हणजे इतिहास, जुगराफिया म्हणजे भूगोल. दोन्ही विषय मी, समजण्याची वाट न पाहता, खड्या आवाजात घोकत असे. भिंतीपलीकडून चुलता विचारायचा, "आज कोन्ता बादशहा मेला रं?" मी नाव सांगितलं की तो म्हणायचा, "कालबी तोच मेला व्हता. दुसरा मार की एखादा."

आमच्याकडे सालगडी पाडव्याला ठरतो. त्या पाडव्याला वडिलांनी गडी ठरवला नाही. मला समोर बसवून म्हणाले, "औतामागं मानूस लागतंच. ती जागा तुझ्यासाठी ठिवलीय. पास झालास तर हैदराबादला जा, पुढलं शीक. न्हाई झालास तर मिरगाला औत धर. मी काई जबरदस्ती करायलो न्हाई."

दुसऱ्या खेपेच्या परीक्षेला महिना उरला होता. मला शेतीची लाज नव्हती. पण आमचे हेडमास्तर उन्हातान्हात झरीपर्यंत येऊन "पोरात दम आहे" असं वडिलांना सांगून गेले होते. त्यांच्याखेरीज तसं कुणालाच वाटत नव्हतं, त्यामुळे निदान त्यांना खोटं पाडू नये एवढी माझी धडपड होती.

अशा वेळी चुडाव्याहून मामा आला. मामा तिथल्या स्टेशनावर रूळ बदलणारा सांधेवाला होता. गाडी उशाशी धडधडत गेली तरी त्याला जाग येत नसे, म्हणून आवाजाच्या शास्त्रातला तो आमच्या घरातला एकमेव जाणकार. माझी अडचण ऐकून तो हसला.

"दाजी, आवाज म्हंजी पानी. एक जागा बुजवली की दुसरीकडून येतंय. भिंत, भुई अन् आढं, तिन्ही बंद करावं लागतंय. आमच्या सायबाच्या बंगल्यात तसंच हाय."

साहेबाच्या बंगल्यात तो कधी आत गेला होता, हे विचारण्याइतकं शिक्षण आमच्यापैकी कुणाचंच झालं नव्हतं.

खोली ठरली बळद. बळद म्हणजे धान्य साठवायची बिनखिडकीची कोठडी. आढ्याला धान्य ओतायचं एक भोक, बाकी अंधार. त्या वर्षी ज्वारी इतकी उदंड पिकली होती की सगळी दोन कणग्यांत मावली आणि बळद रिकामंच राहिलं. त्याच्या एका अंगाला चुलत्याचं घर, दुसऱ्या अंगाला आमच्या बैलांचा गोठा.

मामाने काम मनावर घेतलं. भुई हातभर खणून त्यात भुसकट भरलं आणि वरून माती टाकून सारवलं. आढ्याला गोणपाटं शिवून, त्यात कडब्याचं पाचट कोंबून, ती तुळयांना बांधली. धान्याचं भोक बुजवलं, कारण आवाजाचा मुख्य दरवाजा म्हणे तोच. राहिल्या भिंती. चुलत्याकडच्या आणि गोठ्याकडच्या भिंतीपासून वीतभर आत तुराट्यांचा कूड उभा करून लिंपला. मधल्या फटीत काय भरायचं यावर मात्र खडाजंगी झाली.

"कापसात आवाज मरतो," मामा म्हणाला.

"कापूस बाजारात गेला. हाय ती सरकी," वडील म्हणाले, "अन् ती बैलाची हाय."

"सरकीला लव असती का न्हाई? मग झालं तर. परीक्षा झाली की काढून घाला बैलाला. आवाज काय सरकी खानार हाय व्हय, दाजी?"

या युक्तिवादापुढे वडील हरले. बैलांचं दोन महिन्यांचं खाणं माझ्या शिक्षणासाठी भिंतीत गेलं. बैलांना कुणी विचारलं नाही.

शेवटी दाराला आतून जुनी वाकळ ठोकली आणि खोली तपासायला मामा स्वतः आत गेला. "मी आत बसतो. तुमी हाका मारा. मला ऐकू आलं तर मी वरडतो." वडिलांनी हाक मारली. उत्तर नाही. चुलत्यालाही बोलावलं. त्याने भाऊबंदकी विसरून शिव्यांसकट हाका मारल्या. उत्तर नाही. सगळ्यांना इतका आनंद झाला की आम्ही जेवायलाच बसलो. भाकरी संपत आल्यावर माय म्हणाली, "आवं, माझा भाऊ कुठाय?" दार वाकळेमुळे चौकटीत घट्ट बसलं होतं आणि मामा आतून अर्धा तास ओरडत होता. घामाने निथळत बाहेर आला तो म्हणाला, "बघितलं? एक सबूद तरी आला का बाहीर?" आणि त्याच दिवशी चुडाव्याला निघून गेला.

मी त्या खोलीत बसलो. भर दुपारी चिमणी लावून. खोली इतकी उत्तम झाली होती की तिच्यात आवाजच काय, वाराही येत नव्हता. वर पोरं धावली की गोणपाटातून भुगा गळायचा. भूगोलात तेव्हा वाळवंटाचा धडा चालू होता, तो मला अगदी प्रत्यक्ष शिकता आला. पहिले दोन दिवस मी मन लावून झोपलो.

तिसऱ्या दिवशी मात्र एक वेगळीच गोष्ट झाली. उकाड्याने घसा सुकला होता, म्हणून ओठ न हलवता नुसता डोळ्यांनी वाचू लागलो, आणि एक बादशहा दुसऱ्यावर का चालून गेला हे मला चक्क कळलं. सात वर्षं परभणीच्या शाळेत जाऊन हे मला ठाऊक नव्हतं की पुस्तकात कारणंही दिलेली असतात. पुढचे आठ-नऊ दिवस मी तोंड मिटून वाचत होतो. एवढं समाधान मला पुढे पदवीच्या वर्गातही क्वचित मिळालं.

वडिलांचा धीर सुटला तो यामुळेच. त्यांना अक्षर येत नव्हतं. माझा अभ्यास ते कानाने जोखायचे. गोठ्याच्या सावलीत अंबाडीचा दोर वळत बसायचे, आतून उर्दू ऐकू आली की पोरगं शिकायलंय, थांबली की हुकलं. आता दिवसभर शुकशुकाट.

"पोरगं मेलंय का जितं हाय तेबी कळंना," एकदा ते मायला म्हणाले.

"आवं, तुमीच बंद केला न्हवं आवाज?"

"बाहीरचा आत जाऊ नये म्हनून केला. आतला बाहीर येऊ नये असं मी कवा म्हनलो?"

दार उघडून त्यांनी पाहिलं तर मी पुस्तकासमोर बसलेलो. "वाचत न्हाईस व्हय?"

"वाचायलोय की, दादा."

"तोंड तर मिटलंय."

मनात वाचतो म्हणालो. मनात वाचता येतं हे त्यांना खोटं वाटलं, आणि खरं सांगायचं तर आठवड्यापूर्वी मलाही वाटलं असतं. ते तसेच गोठ्यात गेले, पहार घेतली आणि गोठ्याच्या बाजूने भिंतीला, बसल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, एक भोक पाडलं. मातीची भिंत गेली, कूड गेला. मधली सरकी भळाभळा खाली आली. ती त्यांनी पाटीत भरून बाजूला ठेवली आणि भोकाला कान लावून म्हणाले, "हां. आता मोठ्यानं."

मी मोठ्याने वाचू लागलो. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान मला भोकातून दिसत होतं. तेवढ्यासाठी बादशहांची कारणं सोडून पुन्हा त्यांच्या तारखांकडे वळायला मला फारसं दुःख झालं नाही.

पण सरकीचा वास गोठाभर सुटला होता. दुसऱ्या दिवशी जुगराफिया घोकताना भोकातून एक लांब, खरखरीत, ओली जीभ आत आली. आमच्या डाव्या बैलाला भिंत खाता येते हा शोध लागला होता. कडेची सरकी चाटून झाली की तो शिंगाने माती उकरायचा, पुढची सरकी खाली यायची. चार दिवसांत भोकाची खिडकी झाली. मी वाचायचो, तो रवंथ करायचा, मुसळ जमिनीतून ठोकायचं, आणि चुलता गोठ्यात येऊन त्या खिडकीतून डोकावून म्हणायचा, "बैलालाबी बसव रं मॅट्रिकला. तुझ्याबरूबर सगळं ऐकायलाय त्यो."

मग मी एक तोड काढली. वडील गोठ्यात असले की घोकायचं, ते रानात गेले की मनात वाचायचं. ते रानात जास्त असत, हे माझं नशीब.

निकाल मृगाच्या तोंडावर लागला. हेडमास्तरांचं कार्ड आलं: तिसरा वर्ग, पण पास. मामाने लिहवून घेतलेलं पत्र त्यापाठोपाठ आलं, की स्टेशनमास्तरांच्या मुलासाठीही आता तशीच खोली करावी म्हणतो. चुलत्याने येऊन पाठ थोपटली. माय आत जाऊन रडली.

वडिलांनी रुमाल बांधला आणि गडी शोधायला निघाले. पाडवा उलटून गेल्यावर शिल्लक राहिलेला गडी म्हणजे साऱ्या पंचक्रोशीने पारखून नाकारलेला. तीन गावं फिरून ते एक घेऊन आले. धट्टाकट्टा होता, प्रामाणिक होता, फक्त बैलांना भ्यायचा.

त्या वर्षी औत वडिलांनीच हाकलं. गडी बांधावर बसून त्यांची भाकरी राखायचा. मी तेव्हा हैदराबादच्या वसतिगृहात होतो, आणि दोन्ही वेळ आयतं वाढलेलं जेवत होतो.