कोळशाच्या रेघा

बायको जाऊन चार महिने झाले. मला लिहायला फारसं येत नाही, शाळा तिसरीतच सुटली. पण एक गोष्ट आत टोचते, ती कागदावर टाकतो.

इंग्रजाच्या राज्यात दुसरी मोठी लढाई चालू होती तवाचं हे. कवठे महांकाळच्या अंगाला आमचं गाव, घरात घोंगड्यांचा धंदा. बाया चरख्यावर लोकर कातायच्या, आम्ही पोरं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायचो. कारभार चुलत्याचा. कुणाचं कामात मन किती, ते मापायची त्याची एक रीत होती. काम रंगात आलं की मागनं येऊन पितळी तांब्या दगडावर आपटायचा. जो मान वर करील त्याच्या नावानं भिंतीवर कोळशाची रेघ.

माझ्या नावाची एकही रेघ नव्हती. चुलता म्हणायचा, "बघा रं, ह्याला म्हणत्यात ध्यान!"

कसलं ध्यान! मी मनानं साताऱ्यात, पलटणीच्या भरतीत उभा असायचो. तांब्या मला ऐकूच यायचा नाही.

बायको तवा नवी नवरी. तांब्या वाजला की ती दरवेळी वर बघायची. आधी तांब्याकडं, मग माझ्याकडं. थोरली जाऊ हसायची, "अगं, नवऱ्याकडं बघायला उभा जन्म पडलाय!" आठ दिवसांत तिच्या नावाची भिंत काळी झाली.

चुलता म्हणाला, "हिचं मन माहेरात हाय. ऱ्हाऊ दे तिकडंच. का रं, तुला काय वाटतं?"

तिनं कातलेलं सूत माझ्याच मागावर यायचं. कुठं गाठ नाही, कुठं जाडबारीक नाही. चुलत्याला 'तात्या, सूत बघा,' एवढंच म्हणायचं होतं. पण माझी कोरी भिंत मला लय प्यारी होती. म्हणालो, "तुमी म्हणाल तसं."

ती दाराआड उभी होती. तिनं ऐकलं.

वर्षभर ती माहेरी राहिली. इकडं सूत पुरेना, माग रिकामे पडले, तवा तिला आणायला मलाच धाडलं. वाटेत विचारलं, "राग हाय व्हय?"

"कशाचा? चला, ऊन झालं."

दुसऱ्या दिवशी तांब्या वाजला. तिनं वर बघितलं नाही. चुलता खूश, "सुधारली गड्या!"

भरतीला मी कवा गेलोच नाही. ती मात्र तवापासनं तशीच राहिली. हाक मारली तर खाली मान घालून म्हणायची, "बोला, ऐकतीया." पोरं झाली, नातवंडं झाली, तरी तेच.

शेवटच्या दुखण्यात मी त्याच तांब्यातनं तिला पाणी आणत होतो. तांब्या हातातनं निसटून खाटंजवळ दणकन पडला. ती जागी होती. नजर भिंतीवरनं हलली नाही.

"ऐकलंस का गं?"

"ऐकलं," म्हणाली. "उचला त्यो."