सेम टू सेम

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या शिंप्याला खरं नाव असेलच, पण आम्ही सगळे त्याला ‘सेम टू सेम’ म्हणतो. त्याचं इंग्रजी तेवढंच. जुना शर्ट पुढ्यात टाकला की चष्म्यावरून बघत विचारणार, “सेम टू सेम?” आणि आपण मान हलवायच्या आत ब्लेडनं शिवण उसवायला घेणार. जुना कपडा उसवून तुकडे नव्या कापडावर मांडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. माझ्या जुन्या शर्टाची डावी बाही अर्धा इंच आखूड होती. पठ्ठ्यानं नवीही तेवढीच आखूड केली. मी डाफरलो, तर म्हणतो कसा, तुम्हीच मान हलवलीत.

गेल्या महिन्यात त्याच्या लेकीचा फोन आला. सहा वर्षांनी ती माहेरी येणार होती आणि तिला स्वतःच्या लहानपणीचा पिवळा फ्रॉक हवा होता, तस्साच, तिच्या मुलीसाठी. फ्रॉक त्यानं जपून ठेवला होता. शिवला होता त्यानंच, पण घेराची हातशिलाई त्याच्या बायकोची. ती डावखुरी, त्यामुळे टाके सगळे उलटीकडे कललेले. तिला जाऊन अकरा वर्षं झाली.

चार दिवस मी येताजाता बघत होतो. फ्रॉक टेबलावर, ब्लेड हातात. मग ब्लेड पुन्हा खणात. लेक दाराशी आली तरी तुमचं होणार नाही, असं मी त्याला चिडवलंसुद्धा. आता त्याची लाज वाटते. शेवटी न उसवताच, वरून टेप लावून त्यानं नवा फ्रॉक अंदाजानं बेतला.

लेक आली तेव्हा मी बाही दुरुस्त करून घ्यायला दुकानातच होतो. नात नवा फ्रॉक घालून गोल फिरली. गळा जरा ओढलेला, घेर एका बाजूला उतरलेला. तिच्या आईची नजर पारखी, थेट बापाच्या वळणावर गेलेली.

“बाबा, सेम टू सेम नाही झाला,” ती हसत म्हणाली. “जुना उसवून बघायचा ना.”

त्यानं जुना फ्रॉक उलटा करून तिच्या हातात दिला. तिचं बोट त्या कललेल्या टाक्यांवरून फिरलं आणि थांबलं.

“कापड कितीही मिळेल गं,” तो म्हणाला. “हे टाके उसवले तर परत घालायला ती कुठाय?”

माझी बाही मी तशीच परत नेली.