सतरावा प्रश्न

आमच्या विभागात तिला सगळे प्रश्नबाई म्हणतात. मी केसपेपरच्या खिडकीत बसते आणि तिचं टेबल माझ्या पाठीमागे, हिरव्या पडद्याच्या पलीकडे होतं. मनाचा त्रास घेऊन आलेला माणूस आधी माझ्याकडे नाव नोंदवायचा, मग तिच्यासमोर बसायचा. ती त्याला एकवीस प्रश्न वाचून दाखवायची. झोप लागते का, भूक लागते का, कामात मन रमतं का, असले. उत्तरापुढे खूण करून कागद आत मॅडमकडे पाठवायची. मॅडम म्हणजे आमच्या मानसोपचारतज्ज्ञ.

ज्यांना वाचता येतं त्यांनाही ती वाचूनच दाखवायची. म्हणायची, कागद हातात दिला की माणूस परीक्षेला बसल्यासारखा बरोबर उत्तर शोधायला लागतो.

सतरावा प्रश्न अवघड. जीव नकोसा होतो का, स्वतःला संपवावं असं मनात येतं का? इथे ‘अजिबात नाही’ सोडून दुसरं काहीही उत्तर आलं, तर मॅडम त्या माणसाला त्याच दिवशी बघणार, बाकीची रांग थांबवून. नाहीतर पुढची तारीख. आणि आमच्याकडे तारीख म्हणजे तीन आठवडे, कुणाचीही ओळख काढा.

शिकाऊ मुली या प्रश्नाशी आल्या की चाचरायच्या, खाली बघून पुटपुटायच्या. प्रश्नबाई मात्र पेन खाली ठेवायची, माणसाच्या तोंडाकडे बघायची आणि सरळ विचारायची. एकदा एका आजोबांनी तिलाच उलट विचारलं, “तुला येतो का गं असा विचार?” ही म्हणाली, “महिनाअखेरीला तक्ते भरताना येतो, पण टिकत नाही.” आजोबा हसले, आणि मग रडत रडत अर्धा तास बोलले. एकोणीस वर्षं हे काम केलं तिने. मी तोंडाची फटकळ, माणसं माझ्या खिडकीवरून चिडून आत जायची आणि तिच्याकडून शांत होऊन बाहेर यायची.

तिचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. सहा महिन्यांपूर्वी त्याचा कामावरचा जोडीदार त्याच्या डोळ्यांदेखत लिफ्टच्या खड्ड्यात पडून मेला. तेव्हापासून हा कामावर गेला नाही. रात्र रात्र जागा, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला. म्हाताऱ्या आईने आणि हिने हातापाया पडून त्याला एका मंगळवारी आमच्याकडे आणलं.

आता नियम असा की घरच्या माणसाचा कागद आपण भरायचा नाही. शिकाऊ मुलगी त्या दिवशी रजेवर. प्रश्नबाई खिडकीशी आली आणि मला म्हणाली, “तू विचारशील का त्याला? तुला सगळे प्रश्न पाठ आहेत.”

मी म्हटलं, “बाई गं, ही रांग बघ. मला काय दहा हात आहेत? आणि तुझ्याइतकं कोण ओळखतं त्याला?”

हे मी बोलले. पुसता येत नाही ते.

मग तिनेच पडद्याआड त्याला प्रश्न विचारले. खालच्या आवाजात, ‘बाळा’ म्हणत. मी नावं लिहीत होते, पण कान मागेच होते. पंधरावा ऐकला, सोळावा ऐकला. नंतर ऐकला तो एकदम अठरावा. मला वाटलं, गर्दीच्या आवाजात मधला निसटला असेल. मान वळवून बघायचीसुद्धा तसदी मी घेतली नाही.

कागदावर सतराव्यापुढे ‘अजिबात नाही’वर खूण होती. मॅडमनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. तो जाताना माझ्या खिडकीशी थांबला, तारखेची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, “येतो ताई.” आठव्या दिवशी त्याने जीव दिला. कसा, ते मी सांगणार नाही, कुणी विचारूही नये.

हिशेबाचे साहेब जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, “दिव्याखाली अंधार, दुसरं काय.” मी डबा बंद केला आणि त्यांना सुनावलं, तुमच्या जिभेला काही हाड आहे की नाही. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद आहे.

पंधरा दिवसांनी मी तिच्या घरी गेले. दोन खोल्या. आई खाटेवर बसलेली, शेजारच्या स्टुलावर ताट झाकून ठेवलेलं. चार दिवस पोटात चहाशिवाय काही नाही, असं प्रश्नबाई म्हणाली. मला बघून म्हातारी बोलायला लागली.

“तुमच्याकडे आला तेव्हा बरा होता ना तो? हिने विचारलं तेव्हा नाही म्हणाला. म्हणजे मंगळवारपर्यंत त्याच्या मनात तसलं काही नव्हतं. शनिवारी मी बोलले त्याला. म्हटलं, किती दिवस असा लोळत राहणार आहेस, बहिणीच्या जिवावर? माझी मेलीची जीभ. मीच खाल्लं माझ्या लेकराला.”

प्रश्नबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती आईसमोर येऊन जमिनीवर बसली.

“आई, तो नाही म्हणाला नाही. मी त्याला विचारलंच नाही.”

म्हातारीला आधी कळलंच नाही. “म्हणजे?”

“सगळं विचारलं, तेवढं नाही विचारलं. खूण मी माझ्या मनाने केली. तो हो म्हणेल असं वाटलं मला. माझ्या तोंडावर तो हो म्हणाला असता तर मला ऐकवलं नसतं. विचारलं असतं तर मॅडमनी त्याला त्याच दिवशी घेतलं असतं. तुझ्या बोलण्याने काही झालं नाही, आई. मंगळवारीच होतं ते त्याच्या मनात.”

आई भिंतीला धरून उठली, आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली. मी निघाले. मला तिथे बसवेना.

दुसऱ्या दिवशी प्रश्नबाईने मॅडमना सगळं लेखी दिलं. आता तिचं टेबल काढून घेतलंय. ती तळघरात जुन्या फायली लावते, पडद्याआड शिकाऊ मुलगी बसते.

मी कधीमधी चहा घेऊन खाली जाते. परवा भीतभीतच विचारलं, आई कशी आहे.

“माझ्याशी बोलत नाही,” ती म्हणाली. “दोन महिने झाले, एक शब्द नाही. मी खोलीत आले की भिंतीकडे तोंड करते.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती फायलीवरची धूळ फडक्याने पुसत होती.

“असू दे गं,” ती म्हणाली. “ती जेवते आता.”