फ्रीडाचे दिवस भरले

चहा घ्या आधी, मग सांगतो. कारण ऐकताना तुम्ही हसणार, आणि हसताना चहा सांडतो. जर्मनीतल्या गार्चिंगच्या मराठी मंडळींत माझी जी काही अब्रू होती, ती एका रविवारी मी स्वतःच्या अंगठ्याने टाइप करून घालवली. दुसऱ्या कोणाचा त्यात हात नव्हता.

फ्रीडा म्हणजे आमच्या इराची सरडी. साधी नाही, ती रंग बदलणारी, एक डोळा छताकडे आणि दुसरा आपल्याकडे ठेवणारी. इरा सातवीत आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. तिने वर्षभर हट्ट केला, तेव्हा माझ्या बायकोने, मुग्धाने, दोन अटींवर परवानगी दिली. एक, "सरडा चालेल, सरड्यांचा संसार चालणार नाही." दोन, "ग्रुपवर सांगायचं नाही. लोक कुत्री पाळतात, मांजरं पाळतात, आपण काय सांगणार?" त्यामुळे फ्रीडा आमच्या घरात आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर मुग्धा पुण्याला गेलेली, भाच्याच्या मुंजीला. आणि त्याच आठवड्यात इराची शाळेची सहल. निघताना पोरीने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "बाबा, निश्त गुकन." म्हणजे बघायचं नाही.

काय बघायचं नाही? फ्रीडाच्या पोटात अंडी होती. नर नाही, काही नाही, कोंबडीसारखंच. तरी होतात म्हणे. ही बाई ओल्या वाळूत खड्डा खणते आणि त्यात अंडी घालते. पण खणताना कोणी बघतंय असं दिसलं, की काम टाकून देते. मग अंडी पोटातच अडतात आणि ती मरते. हे सगळं इराने मला जर्मनमध्ये दोनदा समजावलं. वाळूची पिशवी तळघरात आहे, फक्त ओली करून ठेव, एवढंच काम. "फेरश्प्रोखन?" असं विचारून वचनही घेतलं. मी दिलं. वचन द्यायला काय जातं?

रविवारी सकाळी बघतो तर फ्रीडा फांदीवरून खाली उतरलेली. अंगावर निळे-पिवळे ठिपके, आणि तिच्या काचेच्या पेटीचे कोपरे नखांनी खरवडतेय. आली वेळ. मी तळघरात धावलो.

पिशवी होती. वाळू नव्हती.

आणि मग आठवलं. हिवाळ्यात दारापुढे बर्फ झाला होता, कोणी घसरू नये म्हणून पायऱ्यांवर वाळू टाकायची आमची पाळी होती, आणि मीच ती वाळू मोठ्या मनाने पसरली होती. शेजाऱ्यांनी कौतुकही केलं होतं.

रविवार. जर्मनीत रविवारी दुकान शोधणं म्हणजे उपासाला मटण शोधणं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आज खणायला जागा मिळाली नाही आणि ती डोळे मिटून बसायला लागली, तर ताबडतोब घेऊन या, ऑपरेशन करावं लागेल, पण एवढ्याशा जिवाची खात्री देता येत नाही. खरं सांगतो, मला त्या सरडीचं फार प्रेम होतं असं नाही. पण दुसऱ्या दिवशी इरा दारातून आत येणार होती, आणि तिचा चेहरा मला आत्ताच दिसत होता.

अडला हरी! मी मराठी ग्रुपवर लिहिलं:

"फ्रीडाचे दिवस भरलेत, बहुतेक आजच मोकळी होईल. घरी मी एकटाच आहे. मुग्धाला यातलं काही माहीत नाही, कृपया कळवू नये. कोणाकडे वाळे असेल तर लगेच द्या."

वाळू लिहायचं होतं हो. घाईत उकाराच्या जागी मात्रा पडली. आणि फोन वाजून फ्रीडा बिचकायला नको, म्हणून पाठवल्याबरोबर बंद करून टाकला. पेटीवर चादर टाकली, खोलीचं दार लावलं आणि बाहेर राखण करत बसलो.

बऱ्याच वेळाने बेल वाजली. मी धावत जाऊन दार उघडलं. नेने काकू. मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या, मंडळातल्या सगळ्यांच्या काकू. हातात डबा, आणि चेहरा असा की मी दोन पावलं मागे सरलो.

"झालं ते झालं," काकू म्हणाल्या. "मी काही बोलणार नाही. लेकराचा त्यात काय दोष?"

"हळू बोला, काकू. आणलंत?"

त्यांनी पर्समधून एक मखमली डबी काढून माझ्या हातावर ठेवली. उघडली. आत चांदीचे वाळे. इवलेसे, घुंगरांचे.

"नातवाचे आहेत," त्या कुजबुजल्या. "डब्यात डिंकाचे लाडू आहेत, तिच्यासाठी. कुठे आहे ती?"

मला वाळूशिवाय काही सुचत नव्हतं. मला वाटलं, वाळू खाली गाडीत असेल आणि हे शकुनाचं काहीतरी असेल. मी म्हटलं, "आतल्या खोलीत. वरून चादर टाकलीय."

"चादर?"

"माणूस दिसलं की सगळं थांबवते."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाल्या, तिला खणू द्या."

काकूंनी भिंतीचा आधार घेतला. "काही खाल्लंय का तिने?"

"कुठलं! एरवी नाकतोडे आवडीने खायची. हल्ली तोंड फिरवते."

काकूंनी लाडवांच्या डब्याचं झाकण घट्ट दाबलं. मग अगदी जपून म्हणाल्या, "समीर, ही जर्मनच आहे ना?"

"मूळची येमेनची. जन्म डार्मश्टाटचा."

"अरे, मग त्या परक्या पोरीला असं कोंडून काय ठेवलंयस? सरक बाजूला!" आणि काकू निघाल्या खोलीकडे. मी दाराला पाठ लावून आडवा उभा राहिलो. "काकू, पाया पडतो तुमच्या, तुम्ही आत गेलात तर ती मरेल!" माझा आवाज रडका झाला होता, खोटं कशाला बोलू? शेवटी फोन चालू करून त्यांना फ्रीडाचा फोटो दाखवला.

काकूंनी चष्मा वर केला, खाली केला. "हा सरडा आहे."

"सरडी," मी म्हटलं.

मग त्यांनी माझाच मेसेज मला वाचून दाखवला. सावकाश, एकेक शब्द. तो ऐकताना मला काय वाटलं ते विचारू नका.

पण लाज वाटायलाही वेळ नव्हता. वाळू कुठेच नव्हती. माझी नजर खिडकीतल्या कढीपत्त्यावर गेली. मुग्धाचा कढीपत्ता. चार हिवाळे ताक पाजून जगवलेला, भली मोठी कुंडी, भुसभुशीत माती, खत नाही.

"मुग्धा तुला उभा चिरेल," काकू म्हणाल्या.

मी कुंडी ओली केली, मान दुसरीकडे वळवून ती अख्खी पेटीत ठेवली, आणि दार लावून घेतलं.

मग आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो. चहा नाही, कारण किटली आवाज करते. काकूंनी लाडू दिला. तुम्ही कधी पूर्ण शांततेत डिंकाचा लाडू खाल्लाय? खाऊ नका. पहिल्याच घासाला असा कुडुमकन आवाज झाला की दोघंही दगडासारखे थिजलो. उरलेला मी चोखून संपवला. आत फ्रीडा खणतेय की डोळे मिटून बसलीय, कळायला मार्ग नव्हता. काकूंचे ओठ हलत होते. सरडीच्या सुखरूप सुटकेसाठी कोणतं स्तोत्र असतं, मला ठाऊक नाही.

उन्हं कलल्यावर मी चादरीची कड उचलली. फ्रीडा फांदीवर बसली होती. पोट पार खपाटीला गेलेलं, डोळे टक्क उघडे, एक छताकडे, एक माझ्याकडे. खाली कुंडीतली माती नीट थापून बुजवलेली, आणि कढीपत्ता मुळं वर करून आडवा पडलेला. मी तिथेच खाली बसलो. डोळ्यांत पाणी आलं, सरळ सांगतो.

काकूंनी आत डोकावून पाहिलं आणि वाळ्यांची डबी पर्समध्ये टाकली. "कढीपत्त्याचं मी काही कळवणार नाही."

"म्हणजे? बाकीचं कळवलंत?"

"निघण्याआधीच फोन केला मुग्धाला."

"काकू, कळवू नये असं लिहिलं होतं ना?"

"म्हणून तर केला."

मी घाबरत विचारलं, "काय म्हणाली?"

"हसली. मला वाटलं, धक्का बसला असेल. तर म्हणते कशी, काकू, तुम्ही निर्धास्त राहा. सरड्याची धाव कुंपणापर्यंत."

माझा जीव भांड्यात पडला. "बघा, म्हणजे फ्रीडा कोण ते तिच्या बरोबर लक्षात आलं होतं."

काकूंनी चपला घातल्या. "फ्रीडाचं नाव मी कुठे काढलं होतं? मी तिला एवढंच विचारलं, बाई गं, तुझ्या नवऱ्याचं हे काय चाललंय?"